चंद्रसरोवरात एक झोप

गेले चार महिने जेवणाच्या टेबलावर करमणूक उद्यानाचा नकाशा पसरलेला होता आणि घरातली माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवत होती. नकाशावर रंगीत पेन्सिलींच्या रेघा होत्या. लाल रेघ सकाळची, निळी दुपारची, हिरवी संध्याकाळची. जिथे रेघा एकमेकींना छेदत, तिथे छोटासा पेला काढलेला होता. तो पाणी प्यायचा थांबा.

हे सगळं मिनिटरावांचं काम. मिनिटराव हे त्यांना ऑफिसात पडलेलं नाव. ते शहर बससेवेच्या डेपोत वेळापत्रकं आखत. कुठली बस कुठे कधी पोचेल हे ते वर्षानुवर्षं ठरवत आले होते आणि बसेस वर्षानुवर्षं त्यांचं ऐकत नव्हत्या. पुलावर गर्दी होई, टायर बसत, एखादा ड्रायव्हर वाटेत ओळखीच्या माणसाशी बोलायला थांबे. आयुष्यात एक तरी दिवस आखल्यासारखा जावा, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी सुट्टीचा दिवस निवडला.

त्यांची बायको मोठ्या इस्पितळात वॉर्ड सांभाळत असे. तिला सगळे सिस्टर म्हणत. शेजारी, दूधवाला, आणि भांडण झालं की मिनिटरावसुद्धा. गेल्या काही महिन्यांत तिच्या वॉर्डातल्या दोघीजणी नोकरी सोडून गेल्या होत्या, त्यामुळे तिची रात्रपाळी संपतच नव्हती. ती घरी येई तेव्हा मुलीची शाळेची गडबड असे आणि जरा पाठ टेकावी तर दारावरची बेल वाजे. नकाशाकडे बघून ती एकदाच बोलली होती. “आपण सुट्टीला चाललोय की बंदोबस्ताला?”

मुलीला मात्र ही आखणी तोंडपाठ होती. तिला घरात भिंगरी म्हणत. उद्यानात ‘वादळ’ नावाचा एक भलामोठा रोलर कोस्टर होता आणि त्याच्या फाटकावर उंचीची खूण होती. मागच्या खेपेला भिंगरी त्या खुणेला चार बोटं कमी पडली होती. वर्षभर ती दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहत होती. आता ती खुणेच्या वर गेली होती आणि मिनिटरावांनी वादळाची वेळ आधीच नोंदवून ठेवली होती. चौथे होते नाना, सिस्टरचे वडील. त्यांना ऐकू कमी येई. ते फक्त एवढंच विचारत, की बसायला बाक आहेत ना.

मिनिटरावांची एक युक्ती होती. फाटक उघडलं की सगळी गर्दी वादळाकडे पळते. आपण पळायचं नाही. आपण आधी चंद्रसरोवराची फेरी करायची, तोवर गर्दी विखुरते, मग ताजेतवाने होऊन वादळाकडे निघायचं. चंद्रसरोवर म्हणजे एका प्रचंड मोठ्या, अंधाऱ्या दालनातलं उथळ पाणी. छताला निळसर चंद्र, बारीक चांदण्या, काठावर प्लास्टरचे हंस आणि झाडाच्या ढोलीतून डोळे मिचकावणारं घुबड. होड्या पाण्याखालच्या पट्ट्यावर आपोआप सरकत. आत गेलं की बाहेरचा आवाज थांबे आणि कुठून तरी बासरी ऐकू येई.

त्यांना सात नंबरची होडी मिळाली. पुढे नाना आणि भिंगरी, मागे मिनिटराव आणि सिस्टर. होडी अंधारात शिरली. पहिल्या हंसापाशी सिस्टरने टेकायला मागे मऊ गादी असल्याचं समाधानाने सांगितलं. दुसऱ्या हंसापाशी तिचं डोकं मिनिटरावांच्या खांद्यावर आलं. त्यांना बरं वाटलं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती अशी टेकायची. होडी धक्क्याला लागली तेव्हा मात्र त्यांच्या लक्षात आलं, की हे टेकणं नव्हे, ही झोप आहे. साधीसुधी नव्हे, महिनोन्‌महिने साठून राहिलेली आणि आता एकदम कोसळलेली.

त्यांनी हलकेच हाक मारली. मग जरा मोठ्याने मारली. भिंगरीने कानात फुंकर घातली. सिस्टरने डोळे न उघडता बजावलं, “तीन नंबरचं सलाईन बदला,” आणि डोकं त्यांच्या खांद्यावर आणखी नीट टेकवलं.

धक्क्यावर चांदण्यांची टोपी घातलेली एक जाडजूड बाई होड्या सोडायचं काम करत होती. प्रत्येक फेरीनंतर खाली उतरायचं, असा नियम असल्याचं तिने सांगितलं. मिनिटरावांना नियमांबद्दल आदर होता. ते उठायला लागले, पण खांदा काढून घेतल्यावर बायकोचं डोकं कुठे ठेवायचं ते त्यांना सुचेना. चांदण्याच्या उजेडात तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसत होती. चार महिने ते समोर बसून नकाशा बघत होते. ही वर्तुळं त्यांनी बघितलीच नव्हती.

“नाईट ड्यूटी करते ती,” ते म्हणाले. “अजून एकच फेरी.”

बोटवालीने सिस्टरकडे पाहिलं. तिलाही पहाटे उठून कामावर यावं लागत असावं. तिने नुसता खटका ओढला. नाना आणि भिंगरी तेवढ्यात उतरले होते. मिनिटरावांनी होडीतूनच ओरडून वादळाचा रस्ता सांगितला आणि आपला मोबाइल नानांच्या हातात फेकला, कारण नोंदणी त्यात होती. बासरीत त्यांचा आवाज विरून गेला.

एका फेरीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. दर फेरीला मिनिटराव ठरवत, की आता उठवायचं. वादळाची वेळ निघून गेली, मग उडत्या गालिच्याची, मग भुलभुलैयाची. लाल रेघ संपली. प्रत्येक वेळी त्यांना हळहळ वाटली, दर वेळी थोडी कमी.

एका फेरीला भिंगरी धक्क्यावर उभी होती. मागे नाना हातात आइस्क्रीम घेऊन. वादळाच्या फाटकावर तिची उंची मोजली आणि ती भरली. पण एवढ्या वयाच्या मुलीबरोबर मोठं माणूस लागतं, आणि नानांनी वर बघूनच हात जोडले होते. मग ते दोघं वाट चुकून बदकांच्या तळ्यापाशी गेले आणि तिथेच बसले. हे सगळं तिने खालचा ओठ पुढे काढून सांगितलं. मिनिटरावांना आता उठवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मुलीला दिलेला शब्द होता. त्यांनी सिस्टरच्या दंडावर हात ठेवला.

भिंगरीने वाकून आईकडे पाहिलं. आई तोंड उघडं टाकून झोपली होती, घरी कधी झोपत नाही तशी.

“नको उठवू,” भिंगरी म्हणाली. “झोपू दे तिला. पण संध्याकाळपर्यंतच हं, बाबा.”

संकट आलं ते यानंतर. मागच्या होडीतल्या एका आजींनी बाहेर जाऊन कळवलं, की सात नंबरच्या होडीत एक बाई बेशुद्ध आहे आणि तिचा नवरा ढिम्म बसून राहिला आहे. पुढच्या फेरीला धक्क्यावर प्रथमोपचाराची पेटी घेतलेला एक माणूस आणि उद्यानाचे सुपरवायझर दोघेही हजर. पेटीवाल्याने सिस्टरची नाडी धरली. झोपेतच तिने त्याचा हात धरून बोटं योग्य जागी नेऊन ठेवली. त्याने निमूटपणे ठोके मोजले आणि बाईंना काही झालेलं नाही, बाई फक्त झोपल्या आहेत, असं जाहीर केलं.

सुपरवायझरांचा चेहरा तरीही आंबटच होता. होडी अडवून ठेवणं नियमात बसत नव्हतं. त्यांनी उतरायला सांगण्यासाठी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं, कारण दालनाच्या दारात रांग लागलेली होती. चंद्रसरोवराला कधी रांग लागत नसे. लोक वादळ संपवून थकले की इथे पाय मोकळे सोडायला येत, तेवढंच. पण सरोवरात एक झोपलेली राणी आहे आणि तिचा एक इमानी पहारेकरी आहे, अशी बातमी पोरांनी पसरवली होती. तिला जागं करणाऱ्याला काहीतरी मिळतं म्हणे. नाही, जागं केलं तर चंद्र विझतो म्हणे. आईबाप मुलांना कडेवर घेऊन, आवाज न करता उभे होते. एवढ्या शांततेत उभी राहिलेली रांग त्या उद्यानाने पाहिली नव्हती.

सुपरवायझर आत गेले आणि एक निळी, टिकल्या लावलेली शाल घेऊन आले. ती त्यांनी स्वतः सिस्टरच्या अंगावर घातली. मग घसा साफ करून, अगदी अदबीने, मिनिटरावांच्या हातात एक वल्हं दिलं.

“अहो, पण होडी पट्ट्यावर चालते ना?” मिनिटराव म्हणाले.

“चालते हो. पण तुम्ही नुसते बसता ते बरं दिसत नाही.”

म्हणून बायकोचं डोकं हलकेच गादीवर ठेवून मिनिटराव पुढच्या बाकावर बसले आणि वल्हवू लागले. पहिल्यांदा त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओळखीचं कुणी बघेल म्हणून ते मान खाली घालून पाण्यात वल्हं बुडवत राहिले. पण पाणी खरं होतं आणि वल्ह्याला लागून त्याचा चुबुक चुबुक आवाज येत होता. कधीतरी त्यांनी मान वर केली. घुबड डोळे मिचकावत होतं, आणि बासरी जिथे संपते तिथे नेमकं त्याचं मिचकावणं चुकत होतं. डेपोत असतं तर त्यांनी ते दुरुस्त करवून घेतलं असतं. इथे त्यांना ते घुबड जवळचं वाटायला लागलं. त्यांनी पाहिलं, की चंद्र कापडाचा आहे आणि त्याला एका कडेला ठिगळ आहे, आणि ठिगळातून उजेड जास्त चांगला येतो. काठावरच्या अंधारातून मुलं कुजबुजत, हात हलवत. त्यांनीही हळूच हात हलवला. हंस पुन्हापुन्हा येत होते, तरी दर वेळी जरा दुरून आल्यासारखे. आपण कुठे चाललो आहोत हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. आपण कुठेच चाललो नव्हतो. आणि तरीही पोचल्यासारखं वाटत होतं.

केव्हातरी बाहेर संध्याकाळ झाली असावी. घुबडापाशी सिस्टरने डोळे उघडले. वर चंद्र, आजूबाजूला काळोख, अंगावर टिकल्यांची शाल, समोर वल्हं मारणारा नवरा. ती धडपडत उठून बसली.

“किती वाजले? मला ड्यूटीला उशीर झाला का?”

“माहीत नाही,” मिनिटराव म्हणाले.

सिस्टरने घाबरून त्यांच्या कपाळाला हात लावला. तो माणूस गेल्या बारा वर्षांत हे दोन शब्द बोललेला तिला आठवत नव्हता.

होडी धक्क्याला लागली तशा टाळ्या वाजल्या. कोणीतरी राणीला फूल दिलं. चंद्र काही विझला नाही, त्यामुळे एक दोन मुलं हिरमुसली. बोटवालीने वल्हं आणि शाल परत घेतली आणि घडलेलं सगळं सिस्टरच्या कानात सांगितलं. सिस्टर ऐकत गेली आणि तिचा चेहरा लाल होत गेला. आता आपली खरडपट्टी निघणार, असं समजून मिनिटराव हंसांकडे बघत उभे राहिले. पण सिस्टरने कमरेला ओढणी खोचली.

“काय काय राहिलंय?”

“सगळंच.”

“मग उभे काय राहिलात? चला की.”

पुढे जे झालं त्यात मिनिटरावांचा भाग फार थोडा होता. पोटभर झोपलेली सिस्टर म्हणजे काय चीज असते हे घरातले सगळेच विसरून गेले होते. तिने नकाशा हातात घेतला, भिंगरीचा हात धरला आणि साध्या रांगेतून दोघी वादळावर चढल्या. वरून भिंगरीची किंकाळी ऐकू आली आणि तिच्याहून मोठी तिच्या आईची. खाली आल्यावर दोघी पुन्हा रांगेत गेल्या. मग उडता गालिचा, मग भुलभुलैया. सिस्टर रेघेवरून जराही न ढळता धावत होती. पेला काढलेला होता तिथे थांबवून तिने सगळ्यांना पाणीसुद्धा प्यायला लावलं. आखणी भलतीच झकास आहे, असं ती दोनदा म्हणाली. मिनिटरावांना ते नीट ऐकू आलं नाही. त्यांच्या पायांखालची जमीन अजून होडीसारखी हलत होती आणि त्यांना नानांच्या शेजारी बाकावर बसायचं होतं.

उद्यानाची एक बस होती, ती पाहुण्यांना त्यांच्या त्यांच्या मुक्कामी सोडत गोल फिरे. तिच्यात चौघं बसले. भिंगरी नानांच्या मांडीवर कलंडली. मिनिटराव बराच वेळ खिडकीतून बघत होते. मग त्यांनी मनाशी पक्कं ठरवलेली गोष्ट मोठ्या मनाने सांगून टाकली. पुढच्या वर्षी नकाशा नाही, वेळा नाहीत. जायचं आणि जे समोर येईल ते बघायचं.

सिस्टर चमकून वळली. “म्हणजे? मग मी झोपायचं कसं?”

मिनिटरावांना काही कळलं नाही.

“अहो, वॉर्डात डुलकी लागली तर कुणाचं तरी औषध चुकतं. घरी पडले तर दूध, गॅस, हिचा डबा, नानांच्या गोळ्या, सगळं डोक्यात फिरत असतं. होडीत बसले आणि मनात आलं, पुढचं सगळं या माणसाला पाठ आहे. पाणी कुठे प्यायचं तेसुद्धा. मग मी कशाला जागी राहू?” तिने नकाशाची घडी घातली. “पुढच्या वर्षी नीट आखा. जमलं तर दोन दिवसांचं.”

तिने पाहिलं तर मिनिटराव तोंड उघडं टाकून झोपले होते. त्यांचं डोकं हळूहळू घसरत तिच्या खांद्यावर येऊन टेकलं.

बस त्यांच्या मुक्कामापाशी थांबली. ड्रायव्हरने मागे वळून विचारलं, की उतरणार ना. सिस्टरने ओठांवर बोट ठेवलं.

“जाऊ द्या पुढे,” ती म्हणाली. “आम्ही पुढच्या फेरीला उतरू.”