कारभारी तात्यांची सरळ चाल

कारभारी तात्यांचा डावा पाय आखूड आहे, हे सगळ्या हसनाबादला माहीत होतं. किती आखूड, ते मात्र चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात जालन्याच्या डॉक्टरनं पहिल्यांदा मोजलं. कंबरदुखी घेऊन आलेल्या तात्यांना उभं करून त्यानं डाव्या पायाखाली एकेक पातळ फळी सरकवली. कंबर दोन्हीकडून सारखी झाल्यावर फळ्या मोजल्या आणि चिठ्ठी लिहिली : पाऊण इंच. जुन्या जालन्यातल्या कारागिरानं त्या मापाची कातडी गादी करून बुटात बसवून दिली.

पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा तात्या न झुकता गावात शिरले. गिरिजाबाई दारातून नवऱ्याकडं बघत राहिल्या. "उंच दिसून राह्यले," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अप्पाराव दारात उभा. त्याची नजर तात्यांच्या बुटावर होती.

"तात्या, पाच वर्षांखाली आमची वाटणी तुम्हीच केल्ती ना? राख सांडत विहिरीपासून बाभळीपर्यंत चालल्ते."

"हो. त्या रेघेवरच बांध घातला तुम्ही."

"तवा पाय लंगडा होता. लंगडा माणूस एका अंगाला जातो. तुम्ही डावीकडं गेल्ते, माझ्या रानात."

अप्पाराव आणि त्याचा धाकटा भाऊ धर्मराज त्या वाटणीपासून एकमेकांशी बोलत नव्हते. गेल्या पावसात बांध वाहून गेला होता आणि आता तो पुन्हा घालायचा होता. तात्यांनी टाकलेल्या रेघेवर आजवर गावात कुणी शंका घेतली नव्हती.

दुपारी तिघं रानात जमले. धर्मराजच्या हातात कुऱ्हाड होती. बाभळीच्या फांद्या तोडायला आणली, असं त्यानं न विचारता सांगितलं.

तात्यांनी राखेची पाटी काखेत धरली आणि विहिरीपासून निघाले. राख सांडताना नजर खाली लागते. शेवटी मान वर केली तेव्हा बाभळ डाव्या हाताला होती आणि ते स्वतः धर्मराजच्या रानात सहा हात आत.

"आता बराबर झालं," अप्पाराव म्हणाला.

धर्मराजनं कुऱ्हाड या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "तात्या, आता हिकडून तिकडं चाला."

तात्या बाभळीपासून निघाले. राखेचे ढीग पडत होते. विहीर आली तेव्हा ते अप्पारावच्या रानात सहा हात आत होते.

"हे बराबर," धर्मराज म्हणाला.

"तात्या, बिलकुल न्हाई. बूट काढा," अप्पाराव म्हणाला.

"बूट ऱ्हाऊ द्या."

अप्पारावनं खाली बसून नाडी सोडली. धर्मराजनं कुऱ्हाड टाकून तोच पाय घोट्याशी दाबून धरला. एक ओढत होता, दुसरा दाबत होता. मध्ये तात्या एका पायावर, ओढाताणीत विहिरीच्या काठापासून दोन हातांवर आलेले, पाटी उराशी धरून उभे.

"मी विहिरीत पडंन," ते हळूच म्हणाले. दोघांनीही पाय सोडला नाही. तेव्हा घाबरून तात्यांच्या तोंडून खरं ते निघून गेलं.

"माझा डावीकडं झोल जातो, हे मला लहानपणापासून ठाऊक हाय. म्हणून मी मुद्दाम उजवीकडं रेटून चालतो. तुमची वाटणी तशीच केली, बराबर झाली. आता डॉक्टरनं झोल काढला, पण रेटायची सवय ऱ्हायली. मंग जिकडून निघंन तिकडून उजवीकडंच जाणार."

दोघांचे हात सुटले. अप्पारावनं राखेच्या दोन्ही रेघांकडं पाहिलं. एका रेघेनं धर्मराजचं रान जात होतं, दुसरीनं त्याचं स्वतःचं.

"म्हणजे जुनी रेघच बरी होती," तो जमिनीकडं बघत म्हणाला.

"मी कवा वाईट म्हणलो?" धर्मराज म्हणाला.

पाच वर्षांतलं हे दोघांचं पहिलं बोलणं. मग धर्मराजनं कुऱ्हाडीनं फांद्या तोडून खुंट्या केल्या, अप्पारावनं जुन्या बांधाच्या उरल्या खुणेवर त्या ठोकल्या. तात्यांनी मदतीला पाऊल उचललं, तर दोघंही एकदम म्हणाले, "तुम्ही चालू नका."

संध्याकाळी दोघं भाऊ गावाकडं निघाले. तात्या मागं होते. पुढून बोलणं कानावर येत होतं.

"म्हाताऱ्याला काई कळत न्हाई."

"आधीपासूनच न्हाई. आपणच येडे."

तात्यांना राग आला. पाय बरोबरीचे झाल्यामुळं दहा पावलांत त्यांना गाठणं अवघड नव्हतं. पण आपण जवळ गेलो की दोघं गप्प होतील, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी चाल हळू केली आणि घर येईपर्यंत मागंच राहिले.