गटारातली बातमी

सकाळी पावणेसात वाजता तम्मण्णाने नळ बंद केला, आदल्या दिवशी सूत बुडवून उरलेल्या रंगाचा हंडा दोन्ही हातांनी उचलला आणि उंबऱ्याबाहेरच्या गटारात रिकामा केला. शहापूरच्या त्या विणकरांच्या गल्लीत हे रोजचेच होते. समोरच्या कट्ट्यावर किशन दात घासत बसला होता. तोही साड्याच विणत असे, आणि तम्मण्णाचे गटार वाचल्याशिवाय चूळ भरत नसे.

"आज डाळिंबी व्हय, तम्मण्णा?"

"डोळं हाईत की तुला."

मागच्या दिवाळीला किशनने असाच एक निळा रंग गटारात वाचला होता आणि त्या रंगाच्या साड्या तम्मण्णाच्या आधी चार दिवस चिकोडीच्या बाजारात पोहोचवल्या होत्या. म्हणूनच चिकोडीच्या कुंथुनाथ शेठनी यंदा चाळीस साड्या सांगताना बजावले होते, "पिकल्या करवंदाचा रंग पायजे. दुसऱ्याच्या दुकानात आधी दिसला, तर माल घेणार न्हाय."

तम्मण्णाची मुलगी सुवर्णा कॉलेजात पर्यावरणशास्त्र शिकत होती. तिची काळजी निराळी होती.

"आप्पा, हे रंगाचं पाणी समुद्राला जातंय."

"समुद्र गोव्याला. घाट चढून जातंय व्हय पाणी?"

"तिकडं न्हाय. नाल्यातनं मार्कंडेयात, मग घटप्रभा, मग कृष्णा, आणि शेवटी बंगालच्या उपसागरात."

"तिथं किशन हाय काय?"

"न्हाय."

"मग जाऊ दे की."

करवंदी रंगाचे पाणी मात्र गटारात जाऊ देणे शक्य नव्हते. तम्मण्णाने ते परसातल्या पिंपांत साठवायला सुरुवात केली, आणि किशनसाठी म्हणून दोन दिवस मुद्दाम हिरवा रंग कालवून गटारात सोडला. किशनने तातडीने सूत हिरवे केले. शेजारच्या यल्लव्वाची पांढरी शेळी गटारातून गुडघ्यापर्यंत हिरवी होऊन आली. किशनला तीही साक्ष पुरेशी वाटली.

तिसऱ्या दिवशी परसातली सगळी पिंपे भरली, तेव्हा उरलेला रंग न्हाणीघरातल्या पिंपात गेला. चौथ्या दिवशी पहाटे तम्मण्णाने झोपेतच त्या पिंपात तांब्या बुडवला आणि तोंड धुतले. उजाडल्यावर सुवर्णाने बापाला पाहिले आणि ती खालीच बसली. कपाळापासून हनुवटीपर्यंत शेठचे गुपित उमटले होते.

तेवढ्यात दारात किशन आला. तम्मण्णाने घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली.

"काय रं, आजारी?"

"थंडी वाजतीया."

"मे महिन्यात?"

"लई आतली थंडी हाय."

किशन गेल्यावर सुवर्णा म्हणाली, "आप्पा, चुना आणि तुरटी घातली की रंग तळाला बसतोय. वरचं पाणी परत सूत धुवायला वापरायचं. तळातला गाळ वाळवून वेगळा ठेवायचा."

"आणि गटारात काय दिसंल?"

"काहीच न्हाय."

बंगालच्या उपसागराने दोन वर्षांत जे साधले नव्हते, ते या दोन शब्दांनी साधले. संध्याकाळपर्यंत परसात टाकी उभी राहिली. तम्मण्णाच्या दारचे गटार कोरडे पडले. किशन रोज सकाळी तोंडात ब्रश धरून कोरड्या गटाराकडे बघत राही आणि चूळ भरायला विसरे. चाळीस साड्या चिकोडीला पोहोचल्या. शेठनी आणखी तीस सांगितल्या.

आता वाचायची पाळी तम्मण्णाची होती. चहाचा कप घेऊन तो उंबऱ्यात बसला. किशनच्या दारातून गटारात काळे पाणी येत होते, आणि काळ्याच्या कडेला हिरवी झाक होती. तम्मण्णाला ते लगेच वाचता आले. न खपलेले हिरवे सूत किशन काळ्यात बुडवत होता.

"काय दिसतंय, आप्पा?" सुवर्णाने विचारले.

"काय न्हाय," तो म्हणाला. चहा मात्र त्याला संपवता आला नाही.

पुढे कधी किशनने कुठला रंग काढला, हे त्याला असे बसल्या जागी कळत राहिले असते. त्याने कप उंबऱ्यावर ठेवला. मग उठून परसात गेला. अर्धे पोते चुना, तुरटीचा एक मोठा खडा आणि मापे लिहिलेला सुवर्णाचा कागद त्याने किशनच्या कट्ट्यावर नेऊन ठेवला. किशन आत मागावर होता. त्याला हाक न मारता तम्मण्णा परत आला.

त्या आठवड्यापासून गल्लीच्या गटारात वाचण्यासारखे काही उरले नाही.