जखम फोटोत छान येते

ग्रंथपालांचं हर्नियाचं ऑपरेशन यथासांग पार पडलं. घरी सोडताना इस्पितळाने त्यांना गंभीरपणे सांगितलं, की जखमेतला जंतुसंसर्ग वेळीच ओळखण्याचं काम आता माणसांवर सोडलेलं नाही. त्यासाठी दक्षता कक्ष स्थापन झाला आहे. रुग्णाने रोज जखमेचा फोटो पाठवायचा, कक्षातलं यंत्र तो तपासणार. ग्रंथपालांना हे मनापासून पटलं. नियमांवर त्यांचा फार जीव. वाचनालय बंद व्हायच्या वेळेला त्यांनी एकदा सख्ख्या सासऱ्यांना हातातल्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावरून उठवलं होतं.

घरात धड फोन एकच, मेहुणीचा. समोर येईल त्याला गोरं, नितळ आणि तजेलदार करून दाखवणारा. मेहुणीसाठी स्थळं बघणं चालू होतं, त्यामुळे ती सोय बंद करायचा प्रश्नच नव्हता. पहिल्याच फोटोला कक्षाचं उत्तर आलं, "जखम समाधानकारक."

पुढे जखम लाल झाली, मग सुजली, मग तिच्याकडे बघवेना. फोटोत मात्र ती दिवसेंदिवस खुलत गेली.

"काळजी करू नकोस ताई," मेहुणी म्हणाली, "भाऊजींच्या जखमेवर आज उजेड काय सुरेख पडलाय!"

ताईने, म्हणजे ग्रंथपालांच्या बायकोने, तडक कक्षाला फोन लावला. "अहो, यांचं अंग नुसतं तापलंय!"

"फोटोत ताप दिसत नाही, बाई."

"टाक्यांतून घाण वास येतोय!"

"वासाचा फोटो असेल तर पाठवा."

शेवटी ती नवऱ्याला घेऊन इस्पितळात गेली. डॉक्टरांनी संगणकाच्या पडद्यावरून मान वर केली नाही.

"वा! काय भरून आलीये!"

"डॉक्टर, मी इथं बसलोय," ग्रंथपाल कण्हत म्हणाले.

"हो, पण तुमची प्रकृती इथं आहे," डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "बरं झालं आलात. तुमची जखम यंदाची आदर्श जखम ठरली आहे. वर सभागृहात सत्कार आहे."

"कसला मेला सत्कार! आधी पट्टी सोडा!" बायको ओरडली.

"फोटोखेरीज समाधानकारक जखमेची पट्टी सोडायला परवानगी नाही, बाई."

ग्रंथपालांच्या खांद्यावर शाल पडली. अध्यक्ष वेळीच झालेल्या निदानावर बोलत होते, आणि आपण सगळे नियम पाळून मरणार, हे ग्रंथपालांना लख्ख कळलं. ते घाबरले. जन्मात पहिल्यांदा ते कार्यक्रमपत्रिकेच्या बाहेर गेले. त्यांनी सदरा वर केला, पट्टी ओढून काढली आणि ओरडले, "अहो, कुणीतरी माझ्याकडे बघा!"

सगळ्या सभागृहाने मेहुणीच्या फोनसारखेच फोन वर केले. फोटो काढले. टाळ्या वाजवल्या.

बायकोने मात्र त्यांना दंडाला धरून ओढत खाली अपघात विभागात नेलं. तिथला डॉक्टर नाकाला रुमाल लावूनच पुढे आला. टाके उघडले, पू काढला, ग्रंथपाल थोडक्यात वाचले. कक्षाने शेरा मारला, की हा संसर्ग फोटोबाहेर झाल्याने तो कक्षाच्या अखत्यारीत येत नाही.

सभागृहातला तो फोटो अजून फिरतोय. सदरा वर करून जिवाच्या आकांताने ओरडणारा माणूस त्यात मोठा तजेलदार दिसतो. तो तुमच्याकडेही आला होता. "छान! असेच आनंदी राहा," असं लिहून तुम्ही तो पुढे पाठवलात.