शॉर्टकटरावांचे तीनशे बारा अर्ज

"शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाच नोकऱ्या माझ्या खिशात असतील! त्यातली कुठली घ्यायची ते तू ठरव!"

सोमवारी सकाळी दात घासता घासता शॉर्टकटरावांनी ही घोषणा केली. निम्मी घोषणा फेसाबरोबर आरशावर उडाली, पण उरलेली बायकोपर्यंत व्यवस्थित पोहोचली.

शॉर्टकटराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते ऑफिसातल्या लोकांनी ठेवलं, आणि घरच्यांनी हौसेनं उचललं. गृहस्थ सॉफ्टवेअर इंजिनिअर. दोन मिनिटांचं काम हातानं करायचं नाही, त्यासाठी दोन दिवस खपून प्रोग्रॅम लिहायचा, हे त्यांचं ब्रीद! गॅलरीतल्या कुंड्यांना आपोआप पाणी घालणारं यंत्रसुद्धा त्यांनी बसवलं होतं. झाडं कधीच गेली. यंत्र अजून टकटक करतं.

पण या वेळी प्रश्न कुंड्यांचा नव्हता. बायको पूल बांधणारी इंजिनिअर. बारा वर्षं दुसऱ्यांच्या पुलांचे नटबोल्ट तपासण्यात गेली, आणि आता कुठं एक अख्खा पूल तिच्या हाती येत होता. दूरच्या एका बंदराच्या गावी, तीन वर्षांचं काम, प्रमुख म्हणून! होकार शुक्रवारी पाचपर्यंत कळवायचा होता. बाईंना इतकी घाई झाली होती की विजेच्या बिलाच्या पाठीवर त्यांनी पुलाचे खांबही काढून ठेवले होते.

"पण तू इथं आणि मी तिथं, असला संसार मला नको," तिनं सांगून टाकलं होतं. "तुला घरून काम मिळालं तर मी हो म्हणते. नाही मिळालं तर नकार कळवते, आणि पुन्हा विषय काढत नाही. शप्पथ!"

ती विषय काढणार नाही, याचीच शॉर्टकटरावांना जास्त धास्ती होती. साहेबांकडे ते दोनदा घरून कामाची परवानगी मागायला गेले. साहेबांनी दोन्ही वेळा मान वर न करता सांगितलं, "नाही म्हणजे नाही!" मग उरला एकच मार्ग. ऑनलाइन शोधायचं, आणि जगातली कुठलीही रिमोट नोकरी पटकावायची.

"जावईबापू, मी सांगू का?" सासूबाई म्हणाल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. चाळीस वर्षं शाळा सांभाळली, आता घर सांभाळतात, आवाज तोच! "दहा चांगल्या जागा निवडा. दहा अर्ज स्वतः लिहा. मनापासून."

"आई, दहा?" शॉर्टकटराव हसले. "अहो, तिथं रोज शेकडो जाहिराती येतात! मी प्रोग्रॅम लिहितो. तो जाहिरात वाचेल, अर्ज लिहील, पाठवेल, आलेल्या उत्तरांना उत्तरंही देईल! मी फक्त मुलाखतीला टाय बांधून बसायचं!"

"टाय तरी हातानं बांधणार ना?" सासूबाईंनी विचारलं.

सोमवार आणि मंगळवार प्रोग्रॅम लिहिण्यात गेले. तो चालतो का ते बघायला शॉर्टकटरावांनी नोकऱ्यांच्या एका साइटवर खोट्या कंपनीची एक खोटी जाहिरात टाकली. पात्रता स्वतःवरूनच बेतली, म्हणजे प्रोग्रॅमला जुळणी सापडायला सोपं! अर्जांना गुण द्यायचे, पहिल्या दोघांना मुलाखतीला बोलवायचं, निकाल कळवायचा, ही सोयही आपोआप. कंपनीला नाव काय द्यावं, याचा विचार करायला वेळ कुणाला होता? "ठेव काहीतरी," म्हणून त्यांनी तेही कॉम्प्युटरवरच सोपवलं. चाचणी पास झाली, शॉर्टकटरावांनी टाळी वाजवली आणि प्रोग्रॅम जगात सोडून दिला. खोटी जाहिरात काढायची राहिली ती राहिलीच.

बुधवारी दुपारपर्यंत तीनशे बारा अर्ज गेले!

"तीनशे बारा!" शॉर्टकटराव सोफ्यावर चढून ओरडले. "एवढे तर लोक जन्मात करत नाहीत!"

संध्याकाळी उत्तरं यायला लागली आणि स्वारी सोफ्यावरून खाली उतरली. एका कंपनीला प्रोग्रॅमनं कळवलं होतं, की आपल्याला अमुक तंत्राचा अकरा वर्षांचा अनुभव आहे. ते तंत्र निघूनच चार वर्षं झाली होती! दुसरी कंपनी कुत्र्यांचं खाद्य बनवणारी. तिला अर्ज गेला होता, 'तुमचं उत्पादन मी लहानपणापासून रोज आवडीनं वापरत आहे.' त्यांनी नोकरी दिली नाही, पण एक नमुना पाकीट पाठवतो म्हणाले.

"हे मात्र घरूनच होईल हो," सासूबाई म्हणाल्या.

बायको हसली नाही. तिनं विजेचं बिल घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवलं.

आणि गुरुवारी सकाळी चमत्कार झाला!

"आलं! बोलावणं आलं!" शॉर्टकटराव अर्धी दाढी केलेल्या अवस्थेत बाहेर धावले. "उंचझेप प्रणाली! पूर्ण घरून काम! आणि अपेक्षा तर बघ, जणू मला समोर बसवून लिहिल्यात! उद्या तीन वाजता मुलाखत, आणि माझ्या प्रोग्रॅमनं होकारही कळवून टाकलाय!"

बायकोनं बिल पुन्हा ड्रॉवरमधून काढलं.

शुक्रवारी ऑफिसात पोटदुखी कळवली. वर इस्त्रीचा शर्ट, टाय, खाली घरातली चड्डी, अशा थाटात शॉर्टकटराव पावणेतीनलाच कॅमेऱ्यासमोर बसले. बायको आणि सासूबाई दाराआड उभ्या. बरोबर तीन वाजता पडदा उजळला. पलीकडेही टाय बांधलेला एक गृहस्थ बसला होता. मागं मोडक्या खुर्च्यांची चळत. चेहरा मात्र...

"साहेब?!"

"तू?!" ऑफिसातले साहेब ऑफिसच्याच अडगळीच्या खोलीत लपून बसले होते. "तुझं पोट दुखत होतं ना?"

"तुम्ही ग्राहकाला भेटायला जाणार होतात ना?"

साहेबांनी टाय चाचपत विचारलं, "मुलाखत तू घेणार आहेस?"

"छे हो! मी द्यायला आलोय!"

"मीपण."

मग दोघंही मुलाखत घेणाऱ्याची वाट बघत बसले. दातांच्या दवाखान्यात शत्रुपक्षाचा माणूस शेजारी यावा तसं झालं होतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. साहेबांनी टाय सैल केला. शॉर्टकटरावांनी हवापाण्याचा विषय काढून पाहिला, पण ऑफिस आणि घर यांत दोनच किलोमीटरचं अंतर, हवेत असा काय फरक असणार?

दाराआड बायकोनं घड्याळ पाहिलं. साडेतीन. तेवढ्यात सासूबाईंचा संयम संपला. त्या तरातरा आत आल्या आणि जावयाला कोपरानं सरकवून कॅमेऱ्यासमोर बसल्या.

"मुलाखत कोण घेतंय?"

"कुणीच नाही, बाई," साहेब आपोआप ताठ बसत म्हणाले.

"मग मी घेते. चाळीस वर्षं घेतल्यात. पहिला प्रश्न तुम्हाला. घरून काम कशाला हवंय? खरं सांगायचं!"

"बाई... आई एकटी असते माझी. गावी." साहेबांचा आवाज एकदम उतरला. "वर्षातून चारच दिवस भेट होते. परवा फोनवर म्हणाली, तुझा आवाज ओळखीचा वाटतो, पण चेहरा आठवायला वेळ लागतो."

शॉर्टकटराव तर आपली चड्डीही विसरून उभे राहिले होते. दोनदा नाही म्हणणारा हा माणूस असा दिसतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"आणि यांना तुम्ही नकार का दिलात?" सासूबाईंनी जरा मऊपणानं विचारलं.

"मला मिळत नाही, मग दुसऱ्याला कसं देऊ? जिवावर आलं हो."

"परवानगीला सही कुणाची लागते?"

"विभागप्रमुखाची."

"विभागप्रमुख कोण?"

साहेबांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. "मीच."

"आणि तुमच्या स्वतःच्या अर्जावर?"

"नियमात तसं... विभागप्रमुखाचीच." साहेबांनी कपाळावर हात मारला. "बाई, मी कधी अर्जच केला नाही!"

"मग बसलात काय? दोन्ही परवानग्या आत्ता लिहा! मी थांबते."

साहेबांनी खरोखर मान खाली घालून लिहिलं. चार वाजून वीस मिनिटांनी शॉर्टकटरावांच्या फोनवर परवानगी येऊन थडकली. बायकोनं ती दोनदा वाचली, आईला मिठी मारली, नवऱ्याला मिठी मारली, आणि चार वाजून बत्तीस मिनिटांनी पुलाला होकार कळवला! मग ती तिथंच जमिनीवर बसली आणि रडली. शॉर्टकटरावही रडले, पण ते म्हणतात टाय आवळला होता.

"पण काय रे," डोळे पुसत तिनं विचारलं, "ती उंचझेपवाली माणसं आलीच नाहीत. आहेत तरी कोण?"

शॉर्टकटरावांनी जाहिरात उघडली. खाली संपर्काचा पत्ता होता. तो वाचून त्यांचे कान तापले. पत्ता त्यांचाच होता!

त्याच क्षणी, बरोबर पाच वाजता, उंचझेप प्रणालीचा निकाल आला. एकूण अर्ज नऊ. पहिला क्रमांक, साहेब. शॉर्टकटराव, दुसरे. जागा एकच असल्यानं कंपनी दिलगीर होती.

"अहो, पण जाहिरात मी स्वतःवरून लिहिली होती!"

"दाखवा बघू त्यांचा अर्ज." सासूबाईंनी चष्मा लावला. एक पान, स्वच्छ, एकही चूक नाही. "हं. स्वतः लिहिलाय."

मग त्यांनी आठ कोरे कागद आणि पेन पुढ्यात ठेवलं. सात बिचारे जीव खोट्या नोकरीची वाट बघत होते, त्यांना माफीची सात पत्रं, आणि आठवं साहेबांना. आधी हातानं लिहायचं, त्यांनी तपासायचं, मगच पाठवायचं!

पहिलंच पत्र चालू असताना साहेबांचा फोन आला.

"अरे, त्यांनी मला घेतलं! पण मी नकार कळवला. जी कंपनी मुलाखतीला स्वतः येत नाही, ती पगार काय देणार? मी उद्याच आईकडे निघतोय. तुला घेतलं नाही याचं मात्र वाईट वाटलं रे. खचू नकोस. अर्ज लिहायला शीक जरा."

"हो साहेब," शॉर्टकटराव म्हणाले.

आज पुलाचे दोन खांब पाण्याबाहेर आलेत. सात पत्रं केव्हाच गेली. आठवं अजून 'आदरणीय साहेब' इथंच अडलंय, आणि सासूबाई रोज सकाळी विचारतात, "पुढची ओळ सुचली का, जावईबापू?"