पाकिटावरचं पाचवं नाव

मृतांची नावं लिहायला चर्चने दिलेल्या पाकिटावर दहा रेघा होत्या आणि एल्योंगच्या घरची मेलेली माणसं चारच निघाली. आई, वडील, धाकटा भाऊ आणि सात महिन्यांपूर्वी गेलेली बायको पुरिफिकासियोन, म्हणजे पुरिंग. पाचव्या रेघेवर त्याचं पेन जरा थांबलं. मग त्याने लिहिलं, 'लिओनिदा'. पाकीट चिकटवून चर्चच्या पेटीत टाकलं आणि घरी येऊन भात लावला.

लिओनिदा ही कादंबरीतली बाई. पुस्तक पुरिंगच्या वाचनमंडळाचं होतं. ते अर्ध्यावर असतानाच ती गेली, म्हणून मंडळाच्या मिस अर्सेनियांनी ते एल्योंगच्या हाती दिलं. "तिच्या वाटचं तुम्ही पुरं करा," म्हणाल्या. एल्योंगने चाळीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त केली होती, कादंबरी कधी उघडली नव्हती. आणि हिच्यात तर काही घडतच नव्हतं. लिओनिदा धक्क्यावर होडीची तिकिटं विकायची, स्वतः कधी होडीत बसायची नाही. दोनशे पानं तो तिच्यावर वैतागला होता. जेवताना मोठ्याने म्हणायचा, "बस की बाई एकदाची." ती बसली नाही. शेवटच्या पानांत मेली. आणि तिच्यासाठी कुणी प्रार्थना सांगितली, असं त्या पुस्तकात कुठेही लिहिलं नव्हतं. ते त्याला सहन झालं नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीला मृतांसाठीच्या नऊ संध्याकाळांच्या प्रार्थना सुरू झाल्या. पाकिटांवरची नावं घराण्यावार वाचतात आणि कर्णा मासळीबाजारापर्यंत ऐकू जातो. पहिल्याच संध्याकाळी कर्ण्यातून एल्योंगचं घराणं आलं, "सुमागायसाय घराण्यातले दिवंगत..." आणि शेवटी, "पुरिफिकासियोन, लिओनिदा."

पुढच्या बाकावर पुरिंगची धाकटी बहीण सालुद बसली होती. तिच्या हातातली जपमाळ थांबली.

"नोंग, ही लिओनिदा कोण?" तिने दारातच गाठलं. थोरल्या भावाला म्हणतात तसं ती त्याला नोंग म्हणे, पण आजच्या नोंगमध्ये भाऊ नव्हता.

"पुस्तकातली आहे."

"पुस्तकातली."

"तिच्यासाठी कुणी प्रार्थना सांगितली नव्हती गं."

"म्हणून तुम्ही तिला आपल्या घराण्यात घेतलीत. माझ्या बहिणीच्या शेजारी."

दुसऱ्या दिवशी एल्योंग नाव काढायला चर्चच्या कचेरीत गेला. तिथल्या बाईंनी चष्मा वर केला. "यादी नऊ दिवसांची टाइप झाली. मेलेल्यांतून एखाद्याला बाहेर काढायचं तर फादरना विचारावं लागेल. आणि फादर मनिलाला गेलेत."

तिसऱ्या संध्याकाळपर्यंत मासळीवाल्या तिओफिलाला लिओनिदा आठवायला लागली. "उंच होती. सावळी. एल्योंग तिच्यासाठी बर्फ न्यायचा." चौथ्या दिवशी लिओनिदाला एक मुलगा होता आणि तो जहाजावर नोकरीला होता.

शेवटी एल्योंगने साक्षीदार आणायचं ठरवलं. मिस अर्सेनियांना रिक्षात घालून तो सालुदच्या घरी गेला. "मिस, हिला सांगा जरा, लिओनिदा कोण ते."

मिस अर्सेनियांचे डोळे लगेच भरले. "लिओनिदा? तिला कोण विसरेल. ती गेली तेव्हा मी दोन दिवस जेवले नाही. सख्खी बहीण गेली तेव्हाही जेवले होते."

सालुदने एल्योंगकडे पाहिलं. "म्हणजे मंडळात सगळ्यांना माहीत होतं. माझ्या बहिणीलाही?"

"पुरिंगला तर फार आवडायची," मिस म्हणाल्या.

एल्योंगने कपाळावर हात मारून घेतला. मिस गेल्यावर सालुदने त्याला खुर्चीत बसवलं. "कशी होती ती? खरं सांगा."

खोटं बोलणं त्याला जमत नसे. "डाव्या चपलेचा पट्टा तुटलेला. तारेने बांधायची. आंबा खिडकीतून बाहेर वाकून खायची, रस घरात सांडू नये म्हणून. तिकिटाची उरलेली सुटी नाणी लोकांच्या तळहातावर नुसती ठेवायची नाही, वर त्यांची बोटं मिटवून द्यायची."

"इतकं पाहिलंत?"

"लिहिलंय तसं."

"बरं. आता पुरिंग कशी होती ते सांगा."

एल्योंगने तोंड उघडलं. "चांगली होती," तो म्हणाला.

"चांगली." सालुद उठली. "चांगली तर आमची कुत्रीपण आहे, नोंग. एक्केचाळीस वर्षं संसार केलात तिच्याशी." तिने त्याच्या काखेतलं पुस्तक ओढून घेतलं. "हे मी नेते, पुरावा म्हणून. आणि एक तारखेला कबरीवर आमची वाट बघू नका."

हे त्याला लागलं. एक तारखेला अख्खं गाव दिवसभर आपापल्या कबरींवर बसतं, खातं, पत्ते खेळतं. पुरिंगचा हा पहिलाच एक नोव्हेंबर. त्या दिवशी तिला एकट्या नवऱ्याची सोबत पुरायची नाही, तिला गर्दी लागायची.

एक तारखेला तो चार मेणबत्त्या आणि एक खुर्ची घेऊन बसला. येणारेजाणारे लिओनिदाची कबर शोधत इकडेतिकडे बघत होते. दुपार कलली तेव्हा सालुद आली, मागून दोन खुर्च्या आणि पानात गुंडाळलेल्या चिकट भाताची टोपली घेऊन तिचा नवरा क्रिसान्तो. तिने पुस्तक एल्योंगच्या मांडीवर आपटलं.

"दोनदा भात करपला माझा. का नाही बसली ती होडीत?"

"मला काय माहीत."

"आणि तो तिचा नवरा, गौदेन्सियो. जन्मभर तिला एक शब्द बोलला नाही. आणि मग ती तारेची चप्पल उशाखाली घेऊन झोपतो, तो सकाळी उठतच नाही. मेल्याला हे आधी सुचू नये?" तिने नाक पुसलं. "खा."

एल्योंगने पान सोडलं. थोड्या वेळाने म्हणाला, "भांडण झालं की पुरिंग माझ्या कॉफीत चार चमचे साखर घालायची. वर विचारायची, कशी झालीय. मी म्हणायचो, छान. मला गोड चालत नाही, हे तिला कधी कळलंच नाही."

सालुदने त्याच्याकडे पाहिलं. "नोंग, तिला कळत होतं. ती यायची आमच्याकडे हसायला."

एल्योंगचा घास तोंडातच राहिला. मग खांदे हलायला लागले. तो हसतोय की काय करतोय, ते क्रिसान्तोला समजेना, म्हणून त्याने पाणी पुढे केलं.

एवढ्यात कर्णा सुरू झाला. आज नावं कबरस्तानातच वाचत होते, सकाळपर्यंत आलेली नवी पाकिटं जोडून. सुमागायसाय झाले. लिओनिदाच्या नावाला सालुदने निमूट क्रूसाची खूण केली. मग आलं, "तुपास घराण्यातले दिवंगत..." क्रिसान्तोचे आई, वडील, आत्या. आणि शेवटी, "गौदेन्सियो."

क्रिसान्तोचा हात टोपलीतच थांबला. आजूबाजूच्या कबरींवरची पत्त्यांची पानंही थांबली.

"सालुद," तो हळूच म्हणाला, "हा गौदेन्सियो कोण?"

"पुस्तकातला आहे."

"पुस्तकातला."

सालुदने एल्योंगकडे पाहिलं. एल्योंगने आपली खुर्ची उचलली, पुरिंगच्या बाजूला आणखी जवळ सरकवली आणि मन लावून दुसरं पान सोडायला घेतलं.