दहातला एक फटका

"मिसबाई, तुम्हाला चेंडू मारता येत न्हाई, तरी तुम्ही रोज कशापाई खेळता?"

विचारलं! चतुरानं खरंच विचारलं! मागं कडुनिंबाआड लपलेल्या गोजर आणि कमरबी एकमेकींच्या तोंडावर हात दाबून उभ्या राहिल्या. पैजच तशी लागली होती. मिसबाईंना जी हा प्रश्न विचारील तिला आठवडाभर दोघींच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी! त्या चटणीसाठी चतुरा तालुकदारसाहेबाला 'तुमची तुर्की टोपी वाकडी हाय' असंसुद्धा सांगून आली असती.

मिसबाई म्हणजे जालन्याच्या छावणीकडच्या मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई. विलायतेहून येऊन वीस वर्षं झालेली, त्यामुळे मराठी बोलत, पण छापील पुस्तकासारखं. रोज संध्याकाळी त्या नदीकाठच्या जुन्या कवायतीच्या मैदानावर गोल्फ नावाचा खेळ खेळत. खेळ एकटीचाच. मैदानात पत्र्याचे चार डबे पुरलेले, प्रत्येकाशेजारी काठीला लाल चिंधी. लांबून काठीनं चेंडू मारायचा आणि शेवटी डब्यात घालायचा, एवढंच. पण मिसबाई काठी फिरवत तेव्हा माती उडायची, गवत उडायचं, एकदा तर त्यांची टोपी उडाली. चेंडू आपला जागच्या जागी, जावयासारखा बसून!

प्रश्न ऐकून मिसबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "दहा फटक्यांतला एक बरोबर बसतो, चतुरा. नऊ बसत नाहीत. परंतु त्या नऊंचाही मला कंटाळा येत नाही. हे कसे, ते तू स्वतःच पाहा."

आणि काठी तिच्या हातात दिली.

चतुरानं दात-ओठ खाऊन काठी फिरवली. सण्‌कन आवाज आला आणि चेंडू बाभळीवरून असा गेला, असा गेला की घारीनंसुद्धा मान वळवली! मिसबाईंनी टाळ्या वाजवल्या. मग पुढचे नऊ फटके चतुरानं जमिनीलाच मारले. पण काय सांगावं! त्या एका फटक्याची झिणझिण दोन दिवस तिच्या मनगटात राहिली.

त्या दिवसापासून पोरगी बदलली. मिसबाईंनी दोरीनं बांधलेली एक जुनी काठी आणि एक पांढरा चेंडू तिला देऊन टाकला. चतुरा छाती काढून सांगायची, "आख्ख्या जालन्यात माझ्यावानी गोल्फ खेळणारी दुसरी पोरगी न्हाई!" खरंच होतं ते. दुसरी कुणी खेळतच नव्हती.

फटके आपले तेच, दहातला एक. शाळेतही तसंच. तीस मुलींत सतरावा नंबर. उर्दूत पास, गणितात काठावर. कधी एखादं गणित असं सुटायचं की मास्तर चष्मा पुसून पुन्हा बघायचे. पुढची नऊ चुकायची. पण तिला शाळा आवडायची. नऊ चुकलेल्या गणितांसकट आवडायची.

आणि मग मोठेबाबा वारले.

मोठेबाबा म्हणजे तिच्या वडलांचे, धर्मराजबापूंचे, थोरले भाऊ रखमाजी. कुंभार पिंपळगावाहून त्यांना तापातच बैलगाडीत घालून जालन्याला आणलं. चार दिवस औषध झालं, पाचव्या दिवशी पहाटे ते चतुराच्या घरातच गेले. मूलबाळ नाही. मागं राहिली मोठीमाय, द्वारकाबाई. जीव जायच्या वेळी ती आडावर पाणी आणायला गेली होती. घागर घेऊन आली तर सगळं संपलेलं. घागर तशीच हातात.

तेव्हापासून मोठीमायच्या पोटात अन्न नाही. माय, म्हणजे चतुराची आई तुळजाबाई, ताट पुढं ठेवायची. मोठीमाय एक घास हातात घ्यायची, बघायची, परत ठेवायची. "पाणी मागितलं असंल त्यांनी," म्हणायची. "तोंडानं पाणी मागितलं असंल, आन् मी कुठं, तर आडावर." दहा दिवस हेच. घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. सुतकात शाळा बंद, खेळ बंद. काठी जोंधळ्याच्या कणगीमागं पडलेली, आणि चतुराचे तळहात रात्रंदिवस शिवशिवत होते. तिला त्याची लाज वाटायची, पण शिवशिवत होते.

दहाव्या दिवशी बापू डोकं-मिशा उतरवून कुंडलिकेच्या काठाला पिंडदानाला गेले. सोबत क्रिया करणारे गुरुजी, चार भाऊबंद आणि मोठीमायचा भाऊ कारभारीमामा. आणि अशी सगळी तयारी करून निघालेली माणसं काळे तीळच विसरून गेली!

"चतुरे, जल्दी जा!" माय म्हणाली. "पुडी दे आन् उलट्या पावली माघारी ये. हिकडं तिकडं बघायचं बी न्हाई!"

चतुरानं पुडी घेतली. कणगीमागून काठी घेतली.

"काठी कशाला गं?"

"कुत्रे हायत वाटंत!"

चेंडूनं कुत्रं हाकलतात का हे मायनं विचारलं नाही, कारण चेंडू ओढणीच्या गाठीत होता.

तिळाची पुडी देऊन चतुरा उलट्या पावली निघाली, हे खरं. पण उलट्या पावलांच्या वाटेतच मैदान! नदीचा काठ आणि मैदान यांच्यामध्ये मातीचा उंच बांध. पलीकडचं काही दिसत नव्हतं. आसपास कुणी नव्हतं. चारही डब्यांभोवती ती घुटमळत राहिली ती उन्हं डोक्यावर येईपर्यंत. 'एकच,' चतुरा मनाशी म्हणाली. तिच्या हिशेबात बसायचा फटका दहावा, म्हणजे पहिला काही बसणार नाही. फार तर माती उडंल.

सण्‌कन आवाज आला!

असा फटका मिसबाईंना वीस वर्षांत बसला नसंल! चेंडू बाभळीवरून गेला, बांधावरून गेला आणि पलीकडं नदीकाठाला उतरला. चतुराचं काळीज त्याच्या मागोमाग उतरलं. ती पळत बांधावर चढली, पोटावर आडवी झाली आणि डोकं वर काढून बघू लागली.

वाळूत पत्रावळीवर भाताचे पाच पिंड. कावळा भ्यायला नको म्हणून सगळी माणसं लांब जांभळीखाली उभी. उन्हं डोक्यावर आलेली, कुणाच्या घशात थुंकी नाही. आणि पिंडांना खेटून, सहावा भाऊ आल्यासारखा, चतुराचा चेंडू! तेवढाच गोल, तेवढाच पांढरा!

कावळा आला. पिंडांकडं त्यानं ढुंकूनसुद्धा बघितलं नाही. अंडं दिसल्यासारखी झडप घातली, चेंडू चोचीत धरला आणि उडाला.

"शिवला! शिवला!" जांभळीखालून एकच गलका.

चतुरा बांधावरून घरंगळत खाली आली आणि जी पळाली ती सरळ घरी! माणसं यायच्या आत काठी कणगीमागं, पाय धुतलेले, हातात जपमाळ तेवढी नव्हती.

माणसं आली ती चेहरे उजळूनच. कारभारीमामा उंबऱ्यातूनच बोलायला लागले.

"अक्का, चमत्कार झाला! सकाळपून कावळा यीना. एक न्हाई, दोन न्हाई, चांगले वीस कावळे झाडावर बसून राह्यले, पन खाली यीनात! मंग म्हणलं, दाजींच्या मनात कायतरी राह्यलंय. धर्मराज म्हणले, 'दादा, बैलजोडी इकनार न्हाई.' कावळा न्हाई! मंग म्हणले, 'वैनीला जल्मभर अंतर देनार न्हाई.' तरी न्हाई!"

"मंग?" मोठीमाय भिंत धरून उठून बसली.

"मंग कावळ्यानं पिंड नेला! आन् गुरुजींनी मोजले तर काय, पाचच्या पाच! एक नेला तरी उना न्हाई! गुरुजी म्हणले, साठ वर्षांत असं बघितलं न्हाई. असा आत्मा लाखात एक!"

चतुरा दाराआड ओढणीचा बोळा तोंडात कोंबून हसू दाबत होती. नुसती गदगदत होती! उद्या कमरबीला सांगितलं तर ती लोळंल!

"पन आला कशानं म्हणायचा कावळा?" मायनं विचारलं.

"आरं, तेच तर! दाजी तापात सारखं काय म्हणत व्हते? 'पोरीचं उरकून टाका.' मी हात जोडले, म्हणलं, 'दाजी, भोकरदनच्या माझ्या चुलतभावाला, बद्रीनाथाला, चतुरी देऊन टाकू, ह्याच साली!' शब्द तोंडातून पडला न् पडला, आभाळातून कावळा!"

ओढणीचा बोळा तोंडातच राहिला.

बद्रीनाथ! छत्तीस वर्षांचा, बायको बाळंतपणात गेलेली, दोन लेकरं पदरात. गेल्या दिवाळीला आल्ता तेव्हा त्यानं शाळकरी चतुराला 'मावशी, पाणी आणा' म्हणलं होतं, एवढी नजर अधू!

चतुरा ताडकन पुढं आली. सगळं सांगायचं, आत्ताच सांगायचं! तोंड उघडलं, आणि तिनं बघितलं. मोठीमायनं ताट पुढं ओढलं होतं. भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, तोंडात घातला. चावत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. "रागं न्हाई गेले," म्हणत होती. "माझ्यावर रागं न्हाई गेले."

चतुरानं तोंड मिटलं.

नऊ वाईट फटक्यांनी आजवर कुणाचं वाईट केलं नव्हतं. गवत तेवढं उपटलं. आणि एक चांगला बसला तर थेट भोकरदन!

तीन दिवसांत कारभारीमामांनी भोकरदनला निरोप धाडला, खर्च किती ते ठरवलं आणि पटावरून नाव काढायला शाळेत माणूस पाठवायचंही बोलून ठेवलं. बापू हूं की चूं करीनात. गोटा केलेल्या डोक्यावरून हात फिरवत नुसते बसून राहत.

तेराव्याला मिसबाई भेटायला आल्या. घोंगडीवर मांडी घालायची खटपट करत बसल्या, मोठीमायचा हात धरला, दोन शब्द बोलल्या. मग हळूच चतुराकडं वळल्या.

"आणि चेंडू आहे ना?"

"न्हाई जी," चतुरा पुटपुटली. "गेला."

"गेला? कोठे?"

चतुरानं खरं तेच सांगितलं. बोट आभाळाकडं केलं. "वर."

झालं! बायांनी तेवढंच बघितलं. मोठीमायनं हंबरडा फोडला, तिच्यामागून मायनं, मायमागून चार शेजारणींनी. मिसबाई घाबऱ्याघुबऱ्या होऊन रुमाल शोधू लागल्या. रडं ओसरायला चांगली अर्धी घटका लागली.

मग मिसबाईंनी नाक पुसून विचारलं, "चतुरा शाळेत केव्हा येणार?"

"ती आता यायची न्हाई," कारभारीमामा म्हणाले. "लगीन ठरलंय. आन् तुम्हीच सांगा बाईसाहेब, नंबर कितवा येतो हिचा?"

मिसबाईंची सगळीच तऱ्हा वाईट, पण खोटं न बोलायची सर्वांत वाईट! चतुरा डोळ्यांनी विनवत होती. पहिला म्हणा! पाचवा म्हणा! निदान दहावा तरी म्हणा!

"सतरावा," मिसबाई म्हणाल्या.

"ऐका! सतराव्या नंबरापाई कोन पोरगी घरात ठिवतं? पहिली आली असती तर गोष्ट येगळी. येत न्हाई तर कशाला शिकायचं म्हणतो मी?"

मिसबाई चतुराकडं बघत होत्या. चतुराला वाटलं, हा प्रश्न आपण कुठंतरी ऐकलाय. मग आठवलं. ऐकला नव्हता, तिनंच विचारला होता. शेंगदाण्याच्या चटणीसाठी!

संध्याकाळी पाहुणे पांगले. मामा देवळाकडं गेले, मोठीमायला डोळा लागला. ओट्यावर बापू, माय आणि चतुरा. बापूंनी बंडीच्या खिशात हात घातला आणि काहीतरी काढून ओट्यावर ठेवलं.

चेंडू! वरून चोचीचे दोन ओरखडे.

"जांभळीखाली टाकला त्यानं," बापू म्हणाले. "फुटंना म्हणून."

"तुम्हाला ठाऊक व्हतं?" चतुराचा आवाज चिरकला. "बापू! मंग बोलले का न्हाई?"

बापूंनी गोट्यावरून हात फिरवला. "दहा दिवस वैनी जेवल्या न्हवत्या, पोरी. आन् दादाला मी काय तोंड दाखवलं असतं? माझ्या हातच्या पिंडाला कावळा शिवला न्हाई म्हणून? तवा तेवढंच सुचलं. तुझं न्हाई सुचलं."

माय चेंडूकडं साप बघावा तशी बघत होती. मग बापूंनी तो हळूच चतुराकडं सरकवला.

"मिसबाईचा हाय न्हवं? दिऊन ये उद्या."

"कुठं?"

बापूंनी खाकरून घसा साफ केला. "शाळंत. अजून कुठं?"

"आवं पन वचन दिलंय!" माय म्हणाली. "मेल्या माणसाला! आन् कारभारीभाऊला काय सांगावं? आन् जाऊबाईंना?"

चतुरा उठून उभी राहिली. असं जाहीर करायचं तर उंचावर चढून करावं, म्हणून ती दाराच्या उंबऱ्यावर चढली.

"ऐका! कावळा पिंडाला शिवलाच न्हाई, माझ्या चेंडूला शिवला. मंग ते वचन चेंडूला लागू हाय. बद्रीनाथाला द्यायचं तर चेंडू द्या! पिंड पुन्यांदा मांडून, खरा कावळा यीना तर गुरुजी करत्यात त्या दर्भाच्या कावळ्याकडनं शिववून घ्यायचे, आन् मोठेबाबाला म्या सोताच हात जोडून सांगीन का माझं उरकलं न्हाई, उरकायचं बी न्हाई. मामाला बी सांगीन. मोठीमायला तर मीच सांगनार, दुसऱ्या कुणी सांगायचं न्हाई. तिच्या पायावर डोकं ठिवून सांगीन. पन उद्या, तिचं जेवन झाल्यावर. आन् मॅट्रिक होईस्तोवर मी शाळेत जानार! सतरावा नंबर आला तरी जानार."

तिनं दम घेतला, मनात तिमाहीच्या गणिताच्या पेपराचा हिशेब केला, आणि जरा खालच्या आवाजात पुढं म्हणाली,

"बाविसावा आला तरी."