मेंढरांमागचा ओटीपी

रस्त्यात मेंढरांचा कळप दिसला की आमचे आबा मोटारसायकल थांबवतात. गाडी कडेला लावायची, सरळ कळपात शिरायचं आणि मेंढक्याला विचारायचं, "गाव कंचं गड्या? पोरगं-पोरगी हाय का कालेजात?" एकदा माझी एसटी चुकली म्हणून मी त्यांच्या मागे बसून तासगावला निघाले. वाटेत तीन कळप लागले. पोचेपर्यंत माझं काम असलेलं दुकान बंद झालं होतं आणि साडीला मेंढरांचा वास लागला होता. पुन्हा या माणसाच्या गाडीवर बसायचं नाही, अशी मी शपथ घेतली.

आबा आमच्या कॉलेजात शिष्यवृत्तीचे क्लार्क आणि मी ग्रंथपाल. कॉलेज तासगावच्याही पूर्वेला, दुष्काळी पट्ट्यात. दिवाळी झाली की इथली माणसं मेंढरं घेऊन नदीकाठच्या उसाच्या मुलखात उतरतात. शिष्यवृत्तीचे अर्ज निघतात तेही नेमके तेव्हाच. म्हणजे पोरगी इथं वर्गात आणि बापाची सही तिकडं कुणाच्यातरी रानात. ती सही आणायला आबांची अर्धी नोकरी गाडीवर गेली.

"कागद अपुरा हाय," हे त्यांचं ठरलेलं बोलणं. चहात साखर कमी पडली, कागद अपुरा हाय. प्राचार्यांच्या मुलीच्या लग्नात हातात अक्षता घेऊन ते नवरदेवाकडं बघत हेच पुटपुटले होते. मुलाचा पगाराचा दाखला म्हणे कुणी बघितलाच नव्हता! मी एकदा आगाऊपणा केला आणि तुम्ही लग्न का नाही केलंत, असं विचारलं. "आवं बाई, आमचाच कागद अपुरा हाय," म्हणाले आणि पंचिंग मशीन खटकन दाबलं. कॉलेजच्या मागच्या खोलीत ते एकटेच राहतात. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

गावात कुणाला तरी फोनवरून फसवलं, तेव्हा आबांनी ग्रामसभेत उभं राहून अर्धा तास भाषण ठोकलं. मोबाईलवर आलेला ओटीपी फोनवर कुणाला म्हणजे कुणाला सांगायचा नाही. "मी मागितला तरी न्हाई," असं वर टेबलावर हात आपटून सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ते भाषण आबांनाच भोवलं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला कोमल नावाची मुलगी होती, बिरा मेंढक्याची लेक. ग्रंथालयातलं प्रत्येक पुस्तक वाचून परत करायची, आणि आमच्याकडं हे फार थोडे करतात. अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. तिच्या आधारला बापाचा मोबाईल जोडलेला आणि बाप मेंढरं घेऊन कुंडलच्या शिवारात. आबांनी फोन करून ओटीपी विचारला, तर बिरा शांतपणे म्हणाला, "आबा, तुमीच सांगितलंय. तुमी मागितला तरी द्यायचा न्हाई."

आबांनी विनवण्या केल्या, शिव्या घातल्या. बिरा ढिम्म. शेवटी मला कॉम्प्युटरपुढं बसवून आबा दुपारच्या उन्हात गाडी घेऊन निघाले. ऊस तुटून गेलेल्या एका रानात बिरा सापडला, पण तोवर त्याच्या मोबाईलची बॅटरी संपली होती. मग विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत मोबाईल चार्जिंगला लावला. साडेचारला मी इकडून बटण दाबलं. तिकडं बिरानं आबांच्या कानाशी तोंड नेऊन हळूच ओटीपी सांगितला आणि आबांनी तो मला फोनवर असा ओरडून सांगितला की आमच्या अख्ख्या ऑफिसला पाठ झाला. अर्ज गेला. मला रडू आलं, आणि त्याचा मला रागही आला.

दुसऱ्या दिवशी आबा आले ते फडक्यात भाकरी घेऊन. कोमलच्या आईनं तिच्यासाठी दिल्या होत्या. त्यातली एक त्या आईनं आबांनाही जबरदस्तीनं खायला लावली होती. "माझी आई अशीच थापायची," ते म्हणाले. मग हळूहळू सांगू लागले. त्यांचे वडीलही मेंढरांमागंच असायचे. बारावीनंतर आबांच्या अर्जावर वडिलांची सही पाहिजे होती आणि वडील कराडच्या पलीकडं कुठंतरी. सही येईपर्यंत मुदत संपली. आबा कॉलेजात शिपाई म्हणून चिकटले ते चिकटलेच, क्लार्क झाले तेही इथंच. "आता आई न्हाई, बाप न्हाई, मेंढरंबी न्हाईत. कळपात गेलं की कुनीतरी म्हनतं, बस, जेवून जा. मला लय बरं वाटतं, बाई."

पुढच्या उन्हाळ्यात विद्यापीठाचं पत्र आलं. विद्यार्थी कमी, सबब कला शाखेचं शेवटचं वर्ष आमच्याकडं बंद. मुलांनी सांगलीला जावं. लिहिणाऱ्याचं काय जातं? सांगलीला जायचं म्हणजे वसतिगृह आलं, आणि वसतिगृहाचे पैसे त्या शिष्यवृत्तीतूनच भरायचे होते. ती काही येईना. आबा रोज सकाळी कॉम्प्युटर उघडून बघायचे. स्वतःचे पैसे घेऊन ते बिराच्या घरीही गेले. बिरानं हात जोडले. तुमचे उपकार फिटायचे नाहीत, म्हणाला, पोरीच्या हक्काचं आलं की जाईल ती. प्रवेशाची तारीख निघून गेली. दिवाळीनंतर कळप निघाला, तेव्हा कोमलही आईबापाबरोबर चालत गेली. जाताना माझी दोन पुस्तकं न चुकता परत करून गेली. त्या मुलीचा मी साधा हातही धरला नाही, याची मला अजून लाज वाटते.

आबांचं टेबल आता ग्रंथालयात आणून ठेवलंय, कारण भरायला अर्ज फारसे उरले नाहीत. परवा तिथं त्यांचा फोन वाजला. आबांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर चालू असतो. बिरा बोलत होता.

"आबा, मोबाईलवर कायतरी आलंय. कोमल मेंढरांमागं लांब गेलीया, वाचायला कोन न्हाई. निसतं आकडं कळत्यात मला. तुमाला सांगू का नगं?"

"सांग गड्या."

बिरानं एकेक आकडा जपून सांगितला. आबांनी डोळे मिटून घेतले. कोमलला शिष्यवृत्तीचे किती मिळायचे होते, ते त्यांना तोंडपाठ होतं. आकडा तोच होता.

"कागद पुरा झाला, बिरा," ते म्हणाले.

"बरं झालं. मंग पोरीला काय सांगू?"

आबा उठले. "तू काय सांगू नगंस. मीच येतो," म्हणाले आणि गाडीची किल्ली शोधायला लागले. किल्ली त्यांच्या हातातच होती. मी कपाटाला कुलूप घातलं आणि शपथ मोडून त्यांच्या मागे बसले.

वाटेत दोन कळप लागले. आबा दोन्हीकडं थांबले, मेंढरांत उतरले. मुलं कॉलेजात आहेत का, हे मात्र त्यांनी कुणालाच विचारलं नाही.